विचारलं तेवढंच सांगायचं

हिवराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. फोन त्याच्या मेव्हण्याचा. "सकाळी बांधीत धानाचे परे उपटून राहिले होते जी, साप चावला. गोंदियाच्या वाटेवरच..." अशा वेळी माणसाला रडू यायला हवं. मला घाम फुटला. आधी कुठल्या दवाखान्यात नेलं होतं, हा एकच प्रश्न ओठांवर आला आणि मी तो गिळला. दीड महिना झाला, अजून पचलेला नाही.

हिवराज रहांगडाले आणि मी गोंदियाला एकत्र शिकलो. नवं शतक नुकतंच लागलं होतं. शेवटच्या वर्षाला सॉफ्टवेअरच्या आखणीचा विषय होता, म्हणजे एखादं मोठं काम 'ऑब्जेक्ट'मध्ये, आपापलं काम जाणणाऱ्या वस्तूंमध्ये, कसं वाटून द्यायचं ते. शिकवणारे सर दिवाळीआधीच नोकरी सोडून गेले. प्राचार्य म्हणाले, "आता तुम्हीच एकमेकांना शिकवा." घ्या! आंधळ्यानं आंधळ्याचा हात धरायचा. दर शनिवारी एकानं सेमिनार घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची, असं ठरलं. हिवराज देवरीकडचा, पवार समाजातल्या धानवाल्या शेतकऱ्याचा पोरगा. अंगात मूठभर हाडं आणि डोक्यात पोतंभर शंका. त्यानं घरून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणला, कोऱ्या पाठीवर एकेका वस्तूचं नाव लिहिलं आणि कार्डं आमच्या हातात दिली. ज्याच्या हाती कार्ड, तो ती वस्तू. नियम एकच, विचारलं तेवढंच सांगायचं. जास्तीचं एक अक्षर बोललास की बाद. पुस्तकं वाचून जे डोक्यात शिरत नव्हतं ते त्या खेळात शिरलं, हे मान्य करायलाच हवं.

त्याच्या स्वतःच्या सेमिनारला त्यानं विषय घेतला सापाच्या औषधाचा. खेड्यातल्या दवाखान्यात औषध आहे की नाही, हे कंप्युटरनं कसं सांगावं? एक जण रुग्ण झाला, एक डॉक्टर, आणि माझ्या वाट्याला आला फ्रिज. हिवराजनं विचारलं, "बाटल्या किती?" मी म्हणालो, "दहा." त्यानं पुन्हा विचारलं, "थंड आहेस का बे?" मी म्हणालो, "कार्डावर लिहिलेलं नाही." वर्ग खदखदून हसला. हिवराज हसला नाही.

"लाईन गेली असन तर? तू दहा दहा म्हणत बसशील, अन् आतमंधी औषध नासलेलं!" त्यानं माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि पेननं लिहिलं, 'थंड आहे का?' सोमवारी अहवाल द्यायचा होता आणि तो लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी भडकलो. "परीक्षकाला सुटसुटीत आकृती लागते. लाईन जाणं हा वीजवाल्यांचा विषय, आपला नाही." आणि त्या ओळीवर मी आडवी रेघ ओढली. त्यानं कार्ड उचलून परत गठ्ठ्यात ठेवलं. म्हणाला, "खोड ना बे. पन हा प्रश्न मरत नाही. कोनाले तरी गाठतेच." आम्हाला मार्क उत्तम पडले.

पुढं तो देवरीला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागला आणि घरची शेतीही सांभाळू लागला. सवय काही गेली नाही. माझ्या लग्नात आचाऱ्याला विचारतो, "अन् गॅस सरला तर?" आचारी झारा उगारून अंगावर आला. भातच शिजायचा राहिला होता, आणि गॅस खरंच सरला. आम्ही त्याला काळजिभ्या म्हणालो, तोही हसला... पण मी त्या दिवशी जरा दचकलो होतो.

मग काही वर्षांनी आमच्या कंपनीला खेड्यांतल्या दवाखान्यांच्या औषधसाठ्याचं काम मिळालं. मी ट्रंकेतला जुना अहवाल काढला आणि तीच आकृती वापरली. हिवराजला कौतुकानं फोन केला, तर गडी अभिनंदन सोडून विचारतो, "फ्रिजले विचारलं का?" मी म्हणालो, "पुढच्या आवृत्तीत बघू." पुढची आवृत्ती निघालीच नाही. घाई कुणाला होती?

तेरवीला गेलो तेव्हा हिवराजच्या बायकोनं, उर्मिलावहिनींनी, सगळं सांगितलं. साप चावल्याबरोबर त्यांनी जवळच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्यानं कंप्युटर पाहून सांगितलं, दहा बाटल्या आहेत, आणा. म्हणून गोंदियाची वाट सोडून तिकडं नेलं. तिथं तीन दिवसांपासून लाईन नव्हती; कंप्युटर सौरबॅटरीवर चालायचा, फ्रिज लाईनवर. बाटल्यांतलं औषध गढूळ झालं होतं, डॉक्टरांनी ते टोचायला नकार दिला, मग पुन्हा गोंदियाकडं निघाले. "तिकडं जान्यात एक तास गेला भाऊजी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्ही त्यातले जानकार. कंप्युटर खोटं बोलते काय?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "दहा होत्या, दहाच सांगितल्या."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. लाज वाटते हे लिहिताना. निघताना त्यांनी लग्नपत्रिकांचा तो गठ्ठा माझ्या हातात ठेवला. त्यावरच तो इतकी वर्षं पोरांना शिकवत होता म्हणे. कडा मऊ पडल्या आहेत, हळदीची बोटं लागली आहेत. फ्रिजचं कार्ड त्यानं बदललं नव्हतं.

ते आता माझ्या टेबलावर आहे. कामाला बसलो की आधी तेच दिसतं. ट्रंकेत टाकावं असं रोज मनात येतं, पण हात होत नाही.

वहिनी, हे ज्या पेपरच्या पुरवणीत छापून येतंय ती तुमच्याकडं येते, हे मला माहीत आहे. तुम्ही विचारलं नाही, तरी आज सांगतो. त्या दवाखान्यातल्या कंप्युटरला बोलायला मीच शिकवलं होतं. कार्डावरचा प्रश्न हिवराजचा आहे. त्यावरची रेघ माझी आहे.