लेम्पी बाण वाचते

आमच्या पेल्टो गावात कुणी रडतराऊत म्हणाला, "मचाणावरून बाण मारला, पण हरणाच्या पाठीवरून गेला," की ऐकणारा कॉफीचा कप खाली न ठेवताच सांगायचा, "हार्यूंच्या परसात जा." दुसरा सल्ला कुणी देत नसे.

परसात, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीला टेकून, रेइनो हार्यूने पंधरा फूट उंचीवर फळ्यांचं मचाण ठोकलं होतं, फक्त सरावासाठी. लाकडाच्या गिरणीत जन्म काढलेला माणूस. शिकायला आलेल्याला तो आधी वर चढवायचा, पट्टा बांधायला लावायचा, आणि त्याने दोरी ओढली रे ओढली की खालून ओरडायचा, "हात नको, कंबर!" जमिनीवर नेम काय, सगळेच धरतात हो. उंचावर गेलं की माणूस अंग ताठ ठेवतो आणि धनुष्याचा हात तेवढा खाली सोडतो. मग डोळा, दोरी आणि बाण यांचं जुळलेलं सगळं बिनसतं आणि बाण जातो वरून. "आधी समोर सरळ ओढ," रेइनो सांगायचा, "मग कमरेतून वाक. ठेंगण्या म्हातारीच्या कानात काही सांगायचंय असं समज. आणि अंतर झाडाच्या बुंध्यापासून मोज, स्वतःच्या नाकापासून नको!"

त्याची बायको लेम्पी पेंढ्याच्या गठ्ठ्यातून बाण उपटून आणायची. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना वाढून घरी आली की हे काम, आणि हे चाळीस वर्षं. तिने स्वतः कधी धनुष्य हातात धरलं नाही. पण रुतलेला बाण किती वर आहे, कुठे कललाय, एवढं बघून ती सांगायची, "हात सोडलास." नाहीतर, "घाई केलीस." वरून रेइनो म्हणायचा, "गप गं, तुला काय कळतं!" आणि पुढचा बाण मुकाट्याने सुधारून मारायचा. शेजारचा टाउनो सगळ्यांना सांगत फिरायचा, की बाण रेइनो मारतो आणि अक्कल लेम्पीची असते.

गेल्या मार्चमध्ये छपरावरचा बर्फ ओढता ओढता रेइनो बर्फासकट खाली आला. मणक्यांच्या शेवटापासून खुब्यापर्यंत पोलादी सळ्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, चालाल, शिडीही सावकाश चढाल, वाकणं मात्र विसरा. अडुसष्टाव्या वर्षी रेइनोला बायकोकडून मोजे घालून घ्यायची पाळी आली. ती मोजे चढवत असताना तो खिडकीबाहेर बघत बसायचा.

"अरे, बघ तरी, कुठल्या पायात कुठला घालतेय!"

"दोन्ही सारखेच असतात."

"बायका पण सारख्याच असतात का मग?"

यावर त्याला हसू यायचं, पण मान काही तो वळवायचा नाही. लेम्पीला ते फार लागायचं.

सप्टेंबरात त्याने धनुष्य काढलं. जमिनीवरून सहाच्या सहा बाण मुठीएवढ्या जागेत लागले, तेव्हा लेम्पीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तो सौनाच्या मचाणावर चढला. सहा बाण सुटल्याचे आवाज तिने स्वयंपाकघरातून मोजले आणि हातमोजे घालून बाहेर आली.

"थांब, मी काढतो," रेइनो वरून म्हणाला.

"तू?"

"तुझे गुडघे दुखतात ना."

गुडघे दुखायला लागून दहा वर्षं झाली होती, आणि या दहा वर्षांत ते त्याला आजच आठवले! तो एकेक पायरी करत उतरला आणि बाण स्वतः उपटले. वाकावं लागलंच नाही त्याला. तो सौनात गेल्यावर लेम्पीने जाऊन पाहिलं, तर गठ्ठ्याची वरची कड कुरतडल्यासारखी झाली होती आणि मागच्या छपरीच्या फळीत दोन ताजी भोकं होती.

रेइनोचा एकच नियम होता: शंका आली की बाण सोडायचा नाही. वर लागलेल्या बाणाने हरीण मरत नाही, तो पाठीत घेऊन हिंडतं. तरुणपणी असं एक हरीण त्याने दोन दिवस शोधलं होतं आणि ते सापडल्यावर महिनाभर धड जेवला नव्हता. आता असं काही झालं तर हा माणूस उरणार नाही, हे लेम्पीला ठाऊक होतं. आणि तोंडावर सांगावं, की बाबा, तुझा नेम गेला, मचाण सोड, तर त्यातून तरी काय उरणार होतं? म्हणून ती काही बोलली नाही. त्या संध्याकाळी तिने त्याच्या आवडीचा पनुकाक्कू, दूध-अंड्यांचा जाड गोड पोळा, भाजला आणि दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारत तो संपवला.

ऑक्टोबर लागला, हंगाम सुरू झाला. रेइनो रोज पहाटे धनुष्य घेऊन रानातल्या मचाणावर जाई आणि दहाला परते.

"काय दिसलं?"

"काही नाही."

पंधरा दिवस हेच. टाउनो कुंपणावरून ओरडायचा, "काय रे, हरणांनी संप केलाय की तुला बघून लाजतात?" रेइनो हात हलवून आत जायचा. इकडे लेम्पीला सकाळभर चैन नसायचं. तो परतला की आधी त्याचा चेहरा बघायची, घायाळ हरणाची बातमी तर नाही ना म्हणून.

एका सकाळी बटाटे आणायला ती छपरीत गेली, तर फळीवर बाणांची पेटी. उघडली, तर सहाही बाण आत. धनुष्य मात्र खुंटीवर नव्हतं. विसरला वेंधळा, म्हणत तिने पेटी काखेत मारली आणि रानाची वाट धरली.

मचाण दिसायला लागलं तिथेच ती थबकली. अठरा फूट उंच शिडीच्या टोकाला रेइनो बसला होता, धनुष्य मांडीवर आडवं. आणि खाली, पंधरा पावलांवर, हरणाची एक धष्टपुष्ट मादी निवांत चरत होती. रेइनो तिच्याकडे नुसता बघत होता. चांगली पाच मिनिटं. मग मादीला लेम्पीचा वास लागला आणि ती पांढरी शेपटी उडवत पसार झाली.

रेइनोने वळून बघितलं. आधी बायको दिसली, मग तिच्या काखेतली पेटी.

"विसरलास," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे?"

"बाण जवळ असला तर मी मारीन, लेम्पी. मी ओळखतो मला. आणि मारला तर वर लागेल."

"पंधरा दिवस असाच येतोयस? नुसता?"

"हो."

"आणि मला रोज सांगतोस काही दिसलं नाही म्हणून! लाज नाही वाटत?"

"वाटते ना. लाज वाटते म्हणूनच बाण तुला काढू दिले नाहीत. चाळीस वर्षं माझे बाण वाचलेस. हे वाचू नयेस असं वाटलं."

लेम्पीचा राग कुठल्या कुठे गेला. शिडीला कपाळ टेकून ती म्हणाली, "मी ते सप्टेंबरातच वाचले रे. भोकं नाही का राहत?"

मग रेइनो म्हणाला, "आणि बोलली नाहीस?"

"घाबरले मी. तू घरात बसशील म्हणून घाबरले."

"शहाणीच आहेस," तो वरून म्हणाला. "दोघंही शहाणे."

दुपारी तिने टाउनोला नटबोल्ट सोडवायचे पाने घेऊन रानातल्या मचाणाशी बोलावलं. शिडी सहा-सहा फुटांचे तीन तुकडे जोडून केलेली होती. वाकायचंच नसेल तर इतक्या उंचावर बसायचंच कशाला, असा तिचा साधा हिशेब. रेइनो धुसफुसला. खाली बसलं की हरणाला वास लागतो, हालचाल दिसते, आणि लोक काय म्हणतील! "लोकांना मी बघते," लेम्पी म्हणाली. टाउनोने एक तुकडा काढला. पेंढ्याचा गठ्ठा पंधरा पावलांवर ठेवला. रेइनोने चढून तीन बाण मारले आणि वरूनच हाक दिली.

"वाच."

ती गठ्ठ्याजवळ गेली. तिला खोटं बोलावंसं वाटलं. टाउनोही डोळ्यांनी तेच सुचवत होता.

"तिन्ही वर," ती म्हणाली. "चार बोटं. हात सोडतोयस."

रेइनोने मान हलवली. "काढ अजून एक तुकडा."

आता मचाण सहा फुटांवर आलं, पोरांना बसवतात तसं. टाउनो म्हणाला, "पडलास तरी उभाच राहशील." रेइनो बसला, ताठ, आणि तीन बाण मारले. लेम्पीने बाणांना हात लावला आणि मधलं अंतर मुठीने पुन्हा पुन्हा मोजलं.

"अगं, बोल की!"

"हरीण असतं तर बरोबर खांद्यामागे," ती म्हणाली. "तिन्ही. एकाच मुठीत."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पेटी घेऊन गेला. लेम्पीने मांस-बटाटा भरलेल्या पॅस्टी भट्टीत सरकवल्या, दोन करपवल्या, तीनदा दार उघडून पाहिलं. नवाच्या सुमारास तो परसातून आला. हात कोरे, पाठीवर काही नाही.

"काही दिसलं नाही ना?" तिने विचारलं. आवाज साधा ठेवायचा तिने फार प्रयत्न केला.

"दिसलं की. कालचीच मादी. वीस पावलांवर. बाण लावला, दोरी पूर्ण ओढली."

"मग?"

"तिरकी झाली. शंका आली." तो खुर्चीत टेकला. "सोडून दिली."

लेम्पीने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. गेले सहा महिने खिडकीकडे वळलेलं ते तोंड आता तिच्याकडे होतं, थंडीने लालबुंद, आणि बेट्याच्या मिशीत हसू मावत नव्हतं. तिला तिथेच रडू फुटलं.

"आता काय झालं?" रेइनो म्हणाला. "मारली नाही म्हणून रडतेस?"

"मारता आली असती, आणि सोडलीस," ती डोळे पुसत म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "मी सोडली."