वनाच्या ट्रकचा पोळा

...आणि मग सगळ्या गावानं तो ट्रक ढकलायला घेतला, इथपर्यंत काल आलो होतो ना? की वना कोण हे सांगायचंच राहिलं? राहिलंच असणार. बोलायला लागलो की माझी गाडी उताराला लागते, ब्रेक कुणी लावायचा!

तर वना म्हणजे आमच्या शेजारच्या जीवराम आबांचा एकुलता एक मुलगा. एरंडोलच्या अलीकडचं आमचं गाव. बाहत्तरच्या दुष्काळात कडबा दिसेनासा झाला, तेव्हा वनानं मोऱ्या आणि चांद्या ही बैलजोडी विकली, बायकोचं, धुरपदाबाईचं, सोनं मोडलं आणि धुळ्याहून एक जुना ट्रक आणला. दार दोरीनं बांधलेलं, भोंग्याला कायमची सर्दी. पण वना त्यात असा बसायचा, जसा नवरदेव घोड्यावर! आबा मात्र त्या ट्रकात कधी बसले नाहीत. त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. रिकाम्या गोठ्यात खाट टाकून पडायचे, आणि गोठ्याच्या खांबाला बैलांना तेल-गूळ पाजायची बांबूची नळी तशीच लटकलेली असायची.

जळगावचे फुलचंद शेठ केळी घेऊन रेल्वेनं दिल्लीला पाठवत. त्यांनी वनाला मळ्यांतून केळी स्टेशनला पोचवायचं काम दिलं ते बजावूनच, "वॅगन कुणासाठी थांबत नाही, वना. एकदा चुकलास की दुसरा ट्रक." त्या कामावर घर चाललं होतं. दुसरं काही नव्हतंच.

चौऱ्याहत्तरचा पोळा आला. वनानं ट्रक नदीवर नेऊन धुतला, बॉनेटला गेरूचे ठिपके दिले, आरशांना गोंडे बांधले. मी म्हटलं, "वना, शिंगं सापडली का रे ह्याची?" तो म्हणाला, "नाना, शिंगं नाहीत म्हणून तर मारत नाही!" दुपारून सगळा गाव बैल घेऊन मारुतीच्या पाराकडे मिरवत गेला. आबा गेले नाहीत. जातील कुणाला घेऊन?

दुसऱ्या दिवशी सकाळी केळीचे घड कापून मळ्यात पानांखाली ठेवलेले. वनानं सेल्फ मारला. इंजिन लागलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा मारला, तर नुसतं घुर्र घुर्र. बॅटरी उतरेपर्यंत मारला. मग कुणी म्हणालं, बैल लावून ओढू. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीही आमच्या गावात बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. ज्यानं बैल विकले त्याच्यासाठी तर नाहीच नाही. म्हणून मग आम्ही माणसं जुंपून घेतली. वेशीपर्यंत ढकलला, वेशीपासून परत ढकलला. धूरसुद्धा निघाला नाही.

एरंडोलहून पितांबर मिस्तरी सायकलवर आला. त्याच्या मागोमाग, केळी का आली नाहीत ते बघायला, शेठजींचे मुनीमही आले आणि घड्याळ हातात धरून ओट्यावर बसले. पितांबर म्हणाला, "डिझेलमध्ये हवा धरली असंल." हवा धरली की फिल्टरचा स्क्रू ढिला करतात आणि हातपंप मारतात, फेस येतो, मग स्वच्छ डिझेल येतं, की झालं काम. त्यानं पंप मारला. फेस आला नाही, डिझेल आलं नाही. आलं ते तपकिरी, चिकट, तार धरणारं. त्यानं फिल्टर खोलला, तो गच्च भरलेला. पितांबरनं बोट बुडवून जिभेला लावलं. मग मी लावलं. मग ओळीनं चौघांनी लावलं, प्रसाद घ्यावा तसं.

"गोड शे," पितांबर म्हणाला. "कोनी तरी टाकीमा गूळ घालेल शे, वना."

कुणाच्या टाकीत साखर घालून दावा साधणारे लोक असतात, हे वना ऐकून होता. तो लाल झाला. ओट्यासमोर उभा राहून साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "ज्यानी हाई करं, त्याना हात झडी जावोत!"

गोठ्यातून आबा बाहेर आले. हातात ती नळी.

"मी पाजं," ते म्हणाले. "पोयाना दिन बठ्ठा गावना बैल जेवनात. हाऊ येकलाच दारशी उपाशी उभा होता. गूयनं पानी दिधं." मग पितांबरकडे वळून हळूच विचारलं, "मिस्तरी, मरना का तो?"

ट्रक पितो कुठून, हे म्हातारा कधी पाहून ठेवत होता कोण जाणे. आम्हाला वाटायचं, तो बघतच नाही.

पितांबर पुन्हा गाडीखाली शिरला. टाकी धुतली, नळ्या धुतल्या, पण सकाळभर सेल्फ मारून ते पाणी इंजिनाच्या डिझेल पंपात पोहोचलं होतं आणि पंप जाम झाला होता. मुनीम उठले. दुपारी दुसरा ट्रक येऊन केळी घेऊन गेला. वना पंप घेऊन धुळ्याला गेला, तिथल्या कारागिरानं तो पाहिला आणि फडक्यात गुंडाळून परत दिला. नव्या पंपाची ऐपत नव्हती.

पुढं टायर विकले गेले. दगडांवर उभ्या ट्रकात कोंबड्या अंडी घालू लागल्या. वना धुळ्याला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. आणि आबा? त्या दिवसापासून त्यांनी हात घोंगडीबाहेर काढले नाहीत. धुरपदाबाई ताट पुढं ठेवायची तेव्हाच काय ते निघायचे. तेही ती पाठ फिरवून उभी राहिली तरच. कुणाशी बोलणं नाही. वनानं किती वेळा पायांवर डोकं ठेवलं, आबा भिंतीकडे बघत राहिले.

पुढच्या पोळ्याला वना घरी आला होता. गाव मारुतीकडे गेल्यावर त्यानं परातीत गूळ कालवला, खांबावरची नळी काढली आणि घोंगडीत हात घालून आबांचा हात धरला. धरूनच त्यांना ट्रकापाशी आणलं. टाकीचं झाकण उघडलं. निम्मं पाणी आबांच्या धोतरावर सांडत होतं. पण नळी त्यांनीच धरली होती.

मला काही राहवलं नाही. कुंपणावरून म्हटलं, "अरे वना, याला पाजून आता काय उपयोग? इंजिन तर गेलं ना."

वनानं मान वर केली नाही. आबांचं मनगट खालून धरून तो म्हणाला, "इंजिन गयं, नाना. आबाना हात तं शाबूत शेतस ना आजून."