फहमिदाबाईंचं बुटकं टेबल

फहमिदाबाई १९७१ साली आमच्या सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून लागल्या. शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं, पण मराठी टायपिंगच्या परीक्षेत त्या पहिल्या पाचात आल्या होत्या. माझी जागा त्यांच्या शेजारी. आम्हा तिघी टायपिस्टना लिहिण्याची टेबलं दिली होती. त्यांवर मशीन ठेवलं की बटणं छातीपर्यंत यायची, खांदे उचलूनच काम करावं लागायचं. फहमिदाबाई ठेंगण्या, त्यामुळं त्यांचे हाल जास्त.

दोन वर्षांत त्यांची मान आखडली. मग उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. डब्यात रोज नुसता भात का, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या की कणीक मळवत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि टायपिंग सोडायला सांगितलं. पण घरात कमावणारी माणसं दोनच, त्या आणि भाऊ गयास.

गयासचं उस्मानपुऱ्यात सुतारकामाचं दुकान होतं. एका दुपारी तो बहिणीला औषध द्यायला कचेरीत आला आणि दारातच थांबून तिला टाइप करताना बघत राहिला. मग जवळ येऊन त्यानं वितीनं टेबलाची उंची मोजली.

“आपा, ये मेज लिखने की है,” तो म्हणाला. “मशीन के वास्ते चार उंगल नीचे होना.”

फहमिदाबाईंनी रीतसर अर्ज केला. हेडक्लार्क तात्यासाहेबांनी तो परत पाठवला. टेबलाचं माप वरून ठरलेलं असतं, बदलता येत नाही, असा शेरा होता. तीन अर्ज झाले. चौथा त्यांनी केलाच नाही. एका रविवारी भावाला घेऊन त्या कचेरीत आल्या. चौकीदार कडूबा आधी नाय म्हणाला. त्यांनी उजवा हात पुढं करून मूठ मिटून दाखवली. ती पुरती मिटत नव्हती. कडूबानं कुलूप काढलं. गयासनं बहिणीच्या टेबलाचे चारही पाय कापले, घासून सारखे केले आणि भुसा झाडून दोघं निघून गेले.

सोमवारी तात्यासाहेबांच्या नजरेला ते लगेच आलं. सरकारी मालाचं नुकसान, म्हणून प्रकरण आप्पासाहेबांकडं, आमच्या अधिकाऱ्यांकडं गेलं. कुलूप कोणी उघडलं, असं त्यांनी विचारलं. कडूबा खाली बघत उभा होता. त्याला चार लेकरं.

“काम राहिलंय असं खोटं सांगून मीच उघडायला लावलं,” फहमिदाबाई म्हणाल्या. “त्याला काही माहीत नव्हतं.”

आप्पासाहेब उठून आमच्या खोलीत आले. आधी माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी मशीनवर हात ठेवले, मग फहमिदाबाईंच्या. बराच वेळ बसले.

“ताकीद द्यावी लागेल,” ते तात्यासाहेबांना म्हणाले. “टेबल राहू द्या तसंच.”

ताकीद सर्व्हिस बुकात चढली. तिच्यामुळं फहमिदाबाईंची बढती दोन वर्षं लांबली. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. बोटांचा बधिरपणा सहा-सात महिन्यांत गेला, मान मात्र थंडीत दुखायचीच. पुढच्या मार्चमध्ये खरेदीच्या यादीत दोन कमी उंचीची टेबलं होती, माझ्यासाठी आणि तिसऱ्या टायपिस्टसाठी. यादी तात्यासाहेबांच्या अक्षरात होती.