आफ्रिकेच्या जीपमधली सातवी जागा

राग उतरल्यावर लिहीन असं ठरवलं होतं. तीन आठवडे वाट बघितली, उतरला नाही. म्हणून आता आहे त्या रागातच लिहायला बसले आहे.

त्याचं झालं असं. आम्ही सात जण येत्या जानेवारीत आफ्रिकेला, केनियात, पक्षी बघायला जाणार आहोत. त्याची बैठक धाराशिवला सरांच्या घरी होती. सर म्हणजे आमच्या पक्षीमंडळाचे प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी छापून आणलेला कागद एकेकाच्या हातात दिला. वर अकरा दिवसांचा कार्यक्रम, खाली कामांची वाटणी. फोटो कोणाकडं, औषधं कोणाकडं, पक्ष्यांची यादी कोणी ठेवायची, सगळं व्यवस्थित. माझ्या नावापुढं दोनच शब्द होते: भोजन व्यवस्था.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? थांबा, सांगते.

मी कळंबची. तीस वर्षं अंगणवाडी चालवली. पक्ष्यांचं वेड मला कोणी लावलं नाही, एका पक्ष्यानंच लावलं. आमच्या रानाच्या बांधावर बाभळ आहे, तिच्यावर दर साली जूनमध्ये एक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला पक्षी येऊन बसायचा. ओरडून कान किटवायचा आणि दिवाळीच्या आत नाहीसा व्हायचा. सासूबाई म्हणायच्या, चातक हाय त्यो. मी विचारायची, मग दिवाळीनंतर जातो कुठं? त्या म्हणायच्या, "जाईना का कुठं बी. तुला काय पत्र धाडायचंय त्याला?"

पुढं कितीतरी वर्षांनी सर आमच्या गावच्या शाळेत पक्ष्यांवर बोलायला आले. मी मागं उभी होते. भाषण झाल्यावर धीर करून तोच प्रश्न विचारला. सर म्हणाले, "आफ्रिकेत जातो." मला खरंच वाटेना. घरी न जाता मी अंगणवाडी उघडली आणि भिंतीवरच्या नकाशात बोटानं आफ्रिका शोधली. मधे अख्खा समुद्र! आणि पाखरू शेपटासकट दीड वीत. तेव्हापासून माझ्या मनात एकच, तो जिथं जातो ते गाव आपण बघायचं. तिथं दिसणाऱ्या चातकांत तिथलेच कोणते आणि आपल्याकडून गेलेले कोणते, हे मला काही ओळखता येणार नाही. नाही आलं तर नाही आलं.

त्यानंतर मी मंडळात गेले. आठ वर्षं झाली. दर रविवारी सकाळी मांजरा नदीच्या पाण्यावर जायचं, चक्रवाक मोजायचे, शेकाटे मोजायचे. सरांनीच मला दुर्बीण डोळ्याला कशी लावायची ते शिकवलं. ते मी विसरलेली नाही, हेही इथं लिहून ठेवते.

आफ्रिकेचं मात्र सगळं मी केलं. सगळं! बाकीच्यांनी नुसतं जाऊ जाऊ म्हटलं. नातीनं मला फोनवर मराठीचं इंग्रजी करायला शिकवलं आणि मी तिकडं बारिंगो नावाच्या तळ्याकाठी राहणाऱ्या एका वाटाड्याशी बोलायला लागले. तो पक्षी दाखवतो, नाव चालवतो. मला "ममा" म्हणतो. दोन वर्षं आमचं चाललंय. सरांच्या डोक्यात नाकुरू तळं बसलं होतं. कुठल्यातरी जुन्या पुस्तकात त्यांनी फोटो बघितलेला, पाणी दिसू नये इतके रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मी बारिंगोवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ममा, नाकुरूचं पाणी मधल्या वर्षांत लई चढलं, रोहित बरेचसे बोगोरिया तळ्याला गेले, तुम्ही बोगोरियाला चला. मी कार्यक्रमात नाकुरू खोडून बोगोरिया घातलं. नैवाशा तळ्याला किती दिवस, बारिंगोला किती, कोणत्या रस्त्यानं कंबर कमी मोडेल, सगळं माझ्या वहीत. पिवळ्या तापाची लस लागते, आणि साठीच्या पुढच्यांना ती देताना तब्येत नीट तपासतात, हेसुद्धा मी शोधून काढलं. आमच्यात एक डॉक्टर आहेत, उमरग्याचे. त्यांना हे माहीत नव्हतं. पण ते दातांचे डॉक्टर आहेत, जाऊ द्या.

सरांनी माझी वही नेली, टाइप केली, आणि वर छापलं: आयोजन, पक्षीमंडळ. बरं, तेही जाऊ द्या.

आता माझी चूक सांगते, म्हणजे मी नुसती दुसऱ्यांवर चिडलेली नाही हे कळेल. आठ वर्षांत असा एक रविवार गेला नाही की मी सगळ्यांचा डबा नेला नाही. कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं बाईमाणूस चार माणसांत रिकाम्या हातानं जात नाही, एवढंच डोक्यात. पहाटे उठून धपाटी करायची, कधी पिठलं, शेंगांची चटणी तर हमखास. लांबचा दौरा असला की आठ दिवस आधीपासून कडक भाकरी. पातळ थापायची, भाजायची, पापडासारखी वाळवायची. महिनाभर काही होत नाही तिला. हे लोक हात पुसत म्हणायचे, "ताई, तुमच्यामुळं दौऱ्याला मजा येते." मला वाटायचं, मी पक्षी ओळखते म्हणून म्हणतात.

तर बैठकीत मी विचारलं, "सर, भोजन व्यवस्था म्हणजे काय? मुक्कामाला जेवण मिळतंय की. मीच विचारून ठेवलंय."

"मिळतंय हो ताई, पण ते काय आपलं जेवण हाय का?" डॉक्टर म्हणाले. "मला कडक भाकरी आन् चटणी नसली की दोन दिवसांत पोट धरून बसावं लागतंय."

मी म्हटलं, "तुम्ही दातांचे डॉक्टर. कडक भाकरी लोकांनी खाल्लीच पाहिजे, त्याशिवाय तुमच्याकडं येणार कोण?"

सगळे हसले. मीही हसले, तिथंच माझं चुकलं. हसल्यामुळं त्यांना वाटलं मिटलं.

सर म्हणाले, "अजून एक अडचण आहे. जीपला खिडक्या सहा, आपण सात. मधे बसणाऱ्याला काही दिसत नाही. तेव्हा सकाळच्या फेरीला एकानं मुक्कामावर थांबावं. येईपर्यंत भात-पिठलं करून ठेवलं की सगळ्यांची सोय. तुम्हाला काय ताई, तिथल्या आवारातसुद्धा भरपूर पक्षी दिसतील."

"रोज?"

"फक्त सकाळचीच फेरी."

फक्त सकाळची! पक्षी बघणाऱ्याला सकाळ म्हणजे काय, हे मला शिकवलं कोणी? यांनीच. दहानंतर पक्षी सावलीला बसतात, मग काय हत्तींच्या पाठी मोजायच्या? मी बाकीच्या तिघांकडं बघितलं. तिघंही कॉलेजचे निवृत्त प्राध्यापक, बोलत काहीच नाहीत, माना मात्र एकदम हलवतात. हलवल्या. सरांच्या मिसेस, त्याही येणार आहेत, चहा देता देता म्हणाल्या, "तुमच्या हाताला चवच तशी आहे हो." त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं. मला ते कानफटात मारल्यासारखं लागलं.

माझा वाटा मी बाकीच्यांएवढाच भरलाय, माझ्या पैशानं. हे तिथं म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं. चहा पिऊन उठले आणि कळंबची एसटी धरली. येडशी गेलं, येरमाळा गेला, मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात भांडत होते. काय एकेक उत्तर सुचत होतं म्हणून सांगू! बैठकीत एक सुचलं नव्हतं.

घरी आमचे मालक ओसरीत शेंगा फोडत बसले होते. ते एसटीत ड्रायव्हर होते, पक्ष्यांतलं त्यांना कावळा आणि कोंबडी एवढंच कळतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्या तीस वर्षं गाडी चालवली. सिटा भरल्यावर उभं कुणी ऱ्हायचं हे कुणी घरून छापून आणलं न्हाय. जो मागून चढल त्यो उभा. तू कितवी चढलीस?"

"पहिली," मी म्हटलं. "माझ्या आधी तर गाडीला रस्तापण नव्हता."

"मग?" म्हणाले, आणि परत शेंगा फोडायला लागले.

पुढच्या रविवारी मी मांजरेवर गेले ती एकटीचा डबा घेऊन. एक भाकरी, चटणी, कांदा. डॉक्टरांचं लक्ष पहिल्यांदा पक्ष्यांकडं नाही, पिशवीकडं गेलं. "ताई, पिशवी बारकी दिसतीय आज?" मी दुर्बीण डोळ्याला लावली. नऊ वाजता सगळे नेहमीसारखे चिंचेखाली बसले, सतरंजी अंथरली, आणि मी माझा डबा उघडून एकटी खायला लागले. तुम्हाला सांगते, समोर माणसं बसलेली असताना एकटीनं खाणं हे माझ्या जन्मात मी केलं नव्हतं. चटणी तोंडात फिरत राहिली. पण मी भाकरी संपवली, शेवटच्या तुकड्यापर्यंत. डॉक्टर पाण्याकडं बघत होते आणि पाण्यावर त्या वेळी काहीही नव्हतं.

मग मी हात धुतले आणि म्हटलं, "केनियात मी स्वयंपाक करणार नाही. कडक भाकरी ज्यानं त्यानं आपापल्या घरून आणावी. आणि मी सकाळी जीपमध्ये बसणार."

सर म्हणाले, "ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. मग असं करू, स्वयंपाकाला एखादी बाई न्यायची का बरोबर?"

"न्या की. तिला खिडकी देणार का?"

सरांच्या मिसेस त्या दिवशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझी खिडकी घ्या तुम्ही. मला कुठं एवढं कळतंय पक्ष्यांतलं." मी अजूनच भडकले. "म्हणजे परत बाईचीच जागा जायची? तुम्ही बसा हो वहिनी तुमच्या खिडकीत. कळत नसलं तर मी सांगीन."

तेवढ्यात तीन प्राध्यापकांपैकी एक, ज्यांचा आवाज मी आठ वर्षांत फारसा ऐकला नव्हता, ते म्हणाले, "चिठ्ठ्या टाका. सकाळच्या फेऱ्या सात, आपण सात. एका सकाळी एकानं थांबायचं, आणि कुणी कुणासाठी काही शिजवायचं नाही."

सरांच्या टोपीतच चिठ्ठ्या टाकल्या. मला नैवाशाची पहिली सकाळ थांबायला आली. चालेल म्हटलं. डॉक्टरांना बारिंगोची आली, ते तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. सरांनी आपली उघडली आणि घडी करून खिशात ठेवली. विचारल्यावर म्हणाले, "बोगोरिया." तिथं आमची एकच फेरी आहे, ती सकाळची.

बुधवारी त्यांचा फोन आला. "ताई, एक विचारायचं होतं. अदलाबदल करता का? तुमची नैवाशा मला द्या. रोहित बघायचे म्हणून मी मास्तर झालो तेव्हापासून थांबलोय. आता सत्तरी आली, परत काही जाणं व्हायचं नाही."

दुर्बिणीवरचा त्यांचा हात आठवला. आणि मग आठवलं की माझ्या सात सकाळी एका ओळीत छापताना या माणसाला काही आठवलं नव्हतं. मी सहासष्ट वर्षांची आहे. मी काय दर साली आफ्रिकेला जाणार आहे?

"न्हाय सर," मी म्हटलं.

सर म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

मला रडू आलं. आणि त्या रडण्याचासुद्धा राग आला. हे झाल्याला आज दहा दिवस होतील. सरांचा परत फोन नाही. मीही केलेला नाही, आणि 'न्हाय' म्हटलेलं परत घेतलेलं नाही.