एकच रिंग

त्या संध्याकाळी फोन एका रिंगवर थांबला नाही, वाजतच राहिला. उचलण्याआधीच मला काय ते समजलं. पलीकडे निंबाचा मेहुणा होता. निंबा पाटील गेला. शाळेत असल्यापासून त्याचं हृदय कुरकुरतच होतं, त्यामुळे बातमी अनपेक्षित होती असं म्हणता येणार नाही.

आम्ही दोघं सुरतेच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो. तो सुरतेतल्याच उधन्याचा, वडील खानदेशातून मिलमध्ये आलेले. तापीच्या मुखाशी, डुमसजवळ, पाण्याचा खारेपणा मोजणारे चार डबे त्याने तळाशी सोडले होते. ते आवाजाच्या खुणांनी एकमेकांना आकडे कळवत आणि शेवटचा डबा ते किनाऱ्यावर पोचवी. रडगाणं एकच, बॅटरी. पावसाळ्यात नावाडी होडी काढत नसत, आणि डबे नवरात्रापर्यंत टिकले नाहीत तर काम बंद, असं वरून बजावलेलं. निंबाने युक्ती काढली: आकडा बदलला तरच डब्याने बोलायचं, एरवी झोपायचं. स्वतःसारखेच डबे केलेस, असं मी त्याला चिडवायचो. घरात तो मोजकंच बोले.

चाचणीत एक डबा गप्प झाला. मेला असं समजून आम्ही तो वर काढून उघडला. आतला दिवा लुकलुकत होता; आकडा बदलला नव्हता म्हणून तो नुसता झोपला होता. नावाडी म्हणाला, "साहेब, आ तो जीवतो छे." उघडताना झाकणाचं सील मात्र गेलं होतं... डबा फुकट गेला.

ही हकिकत उधन्याला जेवताना निघाली. वहिनी भाकरी वाढता वाढता नवऱ्याला म्हणाल्या, "बोलानं नही ते नका बोला, पन जित्ता शेतस इतलं ते समजू द्या." जिवंत आहात एवढं तरी कळू द्या, हे बोलणं डब्यांबद्दल नव्हतं. निंबाने खाली मान घालून जेवण संपवलं. पण नवा डबा सोडताना दिवसातून एक बारीकशी खूण प्रत्येकात ठेवली, बाकी झोप. नवरात्रात होडी गेली तेव्हा चारही डबे बोलत होते. तो इतका खूश मी पुन्हा कधी पाहिला नाही.

तेव्हापासून, डुमसहून घरी पोचला की माझ्याकडे एक रिंग द्यायचा. उचलायचं नाही, असं ठरलेलं. मला तो फार आवडायचा, हे त्याला सांगायचं राहिलं.

दिवसकार्य झालं, मेहुणा गावी परतला. उधन्याच्या घरी आता वहिनी एकट्याच असतात. परवा दिवेलागणीला आमचा फोन एकदा वाजला आणि थांबला. बायको उठायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं. "वहिनी आहेत."