मंठ्याच्या पाठमोऱ्या बाया

मी मंठा सोडलं त्या सकाळी कंडक्टरनं माझ्या चित्रांचं अर्धं तिकीट काढलं. माणसाच्या उंचीचं, चादरीत बांधलेलं गाठोडं होतं. टपावर टाकलं तर रंग खरवडतील म्हणून मी ते आत घेतलं, आणि ते सीटवर असं काही टेकून बसलं की शेजारी कुणाला जागाच उरली नाही. कंडक्टर म्हणाला, "सीट आडली की तिकीट पडणार." खिडकीखाली अप्पा, माझे वडील, उभे होते. मोंढ्यात उभा जन्म अडत दुकान चालवलेला माणूस, घासाघीस अंगात मुरलेली. "लेकरू हाय का ते, अर्धं तिकीट काढायला?" एवढं एकदा बोलले आणि मुकाट पैसे दिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "चित्रं काढायला मुंबई कशाला लागती? भिंती इथंबी हायेत."

माय रडली नाही. डबा देताना म्हणाली, "उपाशी राहू नको. आन् राह्यलीस तर मला सांगू नको, माझ्यानं ऐकवनार न्हाई."

निरोपाला शाहीनही आली होती. आम्ही शाळेपासून एका बाकावरच्या. औरंगाबादला कलेची पदविका दोघींनी एकाच खोलीत राहून केली, एकाच डबीतले रंग वापरून. तिचं लग्न मंठ्यातच झालं, सलीमभाईंशी. त्यांचं परतूर रोडला टायरचं दुकान. बस सुटताना ती खिडकीचा गज धरून म्हणाली, "वैशे, तिथं जाऊन गाव काढत बसू नको. गाव मी काढते. तू मुंबई काढ." मला ते फार आवडलं. दोघींत रानं वाटून घेतल्यासारखं वाटलं.

मुंबई म्हणजे बदलापूर. सकाळी एका शाळेत मुलांना सफरचंद रंगवायला शिकवायचं आणि दुपारनंतर आपलं काम करायचं. मी ठरल्याप्रमाणं मुंबई काढत होते. बिल्डिंगचे जिने, जिन्याखाली साखळीनं बांधलेले गॅस सिलिंडर, बंद दारांपुढचे चपलांचे ढीग. आणि प्रदर्शनांच्या मिळेल त्या ओपन कॉलला अर्ज करत होते. मंठ्यातल्यांना सांगायचं तर ओपन कॉल म्हणजे दार सगळ्यांना उघडं आहे अशी दवंडी. दार उघडंच असतं, फक्त आत कोण बसलंय ते आधी ठरलेलं असतं.

अर्जात स्वतःला 'प्रॅक्टिसिंग आर्टिस्ट' म्हणायचं असतं. मी हे एकदा मायला फोनवर समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आजून प्रॅक्टिसच करून राह्यली का? मंग परीक्षा कधी हाय?" मी हसले आणि पुढचा अर्ज भरायला घेतला.

एकदा निवड समितीपुढं बसायची वेळ आली. एका गृहस्थांनी माझे सिलिंडर बघितले, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही मराठवाड्यातल्या ना? मग तुमच्या कामात दुष्काळ कुठं दिसत नाही." मी म्हणाले, "दुष्काळात आम्ही चित्रं काढत नसतो, पाणी भरत असतो." सगळे दिलखुलास हसले. निवड दुसऱ्याची झाली. पुढं जिथं जिथं गेले तिथं हाच अनुभव. मुंबई काढायला त्यांच्याकडं मुंबईची माणसं होती. माझ्याकडून त्यांना भेगाळलेली जमीनच पाहिजे होती. लातूरहून, परभणीहून, आमच्या जालन्याहून कलेपायी शहरात आलेले तुम्ही कुणी हे वाचत असाल, तर ही भेगाळलेली जमीन तुमच्याकडंही मागितली गेली असेल. कुणी कुणी काढूनही दिली असेल. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोट सगळ्यांना आहे.

तिकडं मंठ्यात शाहीन गाव काढत होती. कॅनव्हास परवडत नव्हता, म्हणून सलीमभाई तिला जुने फ्लेक्स आणून देत. पुढून कुण्या भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, मागून कोरं पांढरं. त्या कोऱ्या बाजूवर ती आठवडी बाजारातल्या बाया काढायची, त्याही पाठमोऱ्या. मी विचारलं, पाठीच का? म्हणाली, "चेहरा काढला की घरचे भांडायला येतात. पाठीला कोन विचारतं?" सुरुवात अशी अडचणीतून झाली, पुढं मात्र तिचा हात असा बसला की पाठ बघून माणूस कळावा. बुरखा असो की नऊवारी, खांद्याचा उतार, मानेची घडी, एक पाय मुडपून उभं राहायची लकब, सगळं यायचं त्यात. मी खोटं कौतुक करणाऱ्यातली नाही. तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं.

पण तिचं एकही प्रदर्शन झालेलं नव्हतं. आणि ज्याचं एकही प्रदर्शन झालेलं नाही त्याला कुणी प्रदर्शनात घेत नाही. पहिली पोळी तव्यावर पडायलाच तयार नाही, तर दुसरी कुठून येणार? "कुठंबी एकदा भिंतीवर नाव लागू दे गं," ती म्हणायची, "बाकी माझं मी बघते." तिला एवढंच पाहिजे होतं.

मग एक दिवस तिचा फोन आला, आवाज नुसता फुललेला. कुण्या संस्थेनं मंठ्यातच महिनाभराचं कलाशिबिर ठेवलं होतं, शेवटी प्रदर्शन, कापसाच्या जिनिंगच्या जुन्या गोदामात. तिच्या घरापासून चार गल्ल्यांवर. तिनं त्याच दिवशी अर्ज केला. आठवड्यात उत्तर आलं, अतिशय गोड भाषेत. शिबिर बाहेरच्या कलाकारांसाठी आहे. यजमान तालुक्यातल्यांना कलाकार म्हणून घेता येत नाही. आपण 'स्थानिक समुदाय' म्हणून जरूर सहभागी व्हावं.

तिनंच मला अर्ज करायला लावला. "आपल्यातलं कुनीतरी जाऊ दे आत." मी बदलापूरचा पत्ता घातला आणि माझी निवड झाली. जन्मले मंठ्यात, वाढले मंठ्यात, नाळ मंठ्यात पुरलेली. पण मी बाहेरची होते म्हणून चालले.

जालना स्टेशनवरून आम्हाला गाडीनं नेलं. सगळ्यांनी एकत्र राहायचं अशी अट, त्यामुळं मला बायपासच्या लॉजवर खोली दिली. घर तिथून चालत जाण्याजोगं. मायला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "गावात सख्खं घर असताना लेक लॉजवर राह्यली. आता कोन्या तोंडानं हळदी-कुंकवाला जाऊ?" तरी दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आलीच. नेमका तेव्हा संस्थेचा दिल्लीचा एक तरुण आम्हाला मंठ्याची माहिती देत होता. इथल्या स्त्रिया बुजऱ्या असतात, परक्यांशी बोलत नाहीत, असं सांगत होता. माय त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "सुबेसे बोल रहा तू. कुछ खाया क्या?" त्यानं तिचा फोटो काढला आणि फोटोच्या परवानगीच्या कागदावर तिची सही मागितली.

शाहीनची चित्रं बघून क्युरेटर बाई हरखल्या. प्रदर्शनात कुठं काय लावायचं ते त्याच ठरवणार होत्या. पुण्याच्या, मृदू बोलणाऱ्या. चित्रं लावू म्हणाल्या, पण नाव नको. "तिचं एकटीचं नाव लावलं तर बाकीच्या महिलांवर अन्याय होईल ना? हा सामूहिक आवाज आहे." मी म्हणाले, "चित्रं तिनं एकटीनं काढलीत." त्या म्हणाल्या, "पण अनुभव सगळ्यांचा आहे." माझ्या सिलिंडरखाली माझं नाव मात्र ठळक लागणार होतं. सिलिंडरचा अनुभव बहुतेक माझा एकटीचा असावा. मी चिडून म्हणाले, मग माझी चित्रं काढून घेते. शाहीननंच मला बाजूला ओढलं. "तू काढलीस की माझी पन काढतील. ऱ्हाऊ दे, वैशे. लोकं बघतील तरी."

उद्घाटनाला गावातल्या बाया आल्या, शाहीननं घरोघर जाऊन बोलावलेल्या. चित्रांशेजारी मोठा फलक होता, 'चेहरा नाकारली गेलेली ग्रामीण स्त्री'. तो कुणी वाचला नाही. बाया सरळ चित्रांपुढं गेल्या आणि गोदामात नुसता कालवा झाला. "अगं, ही तर सुमनकाकू! खांदा बघ की, हंडे वाहून वाहून खाली गेलेला." "आन् ही आपली मागच्या गल्लीतली कांता, पदर कसा खोचलाय बघ." बाजारात बांगड्या विकणाऱ्या करीमा खाला एका चित्रापुढं थांबल्या, तोंडावर हात ठेवला आणि ओरडल्या, "या अल्ला, ये तो मैं!" ज्यांना चेहरा नव्हता म्हणे, त्यातल्या एकेकीला नावानं हाका चालल्या होत्या. बेनाव होती ती एकटी शाहीन. ती भिंतीला टेकून उभी होती. एका पाहुण्यानं चहाचा रिकामा कप तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला. मला त्या माणसाचं तोंड फोडावंसं वाटलं, अजून वाटतं.

प्रदर्शनाचं गुळगुळीत पुस्तक निघालं. त्यात तिच्या चित्रांखाली छापलं होतं, 'मंठ्यातील महिला'.

त्यानंतर महिन्याभरानं तिनं मला फोनवर विचारलं, "तुझा पत्ता लावू का गं अर्जाला?" मी हो म्हणाले. बदलापूरच्या पत्त्यावर पहिल्याच फटक्यात तिची मुंबईच्या एका गॅलरीत निवड झाली. तीच चित्रं, तोच हात, पिनकोड तेवढा बदलला. भिंतीवर नाव लागलं, शाहीन शेख, बदलापूर. मी तिथं सगळ्यांसमोर रडले. ती मात्र नावाखालच्या गावाकडं बघत होती.

खरी गंमत सलीमभाईंनी केली. सरळ माणूस, टायरला ठिगळ मारलं तर ठिगळ आहे असं सांगणारा. त्यांना तो पत्ता झोपू देईना. एक दिवस म्हणाले, "झूठा पता कब तक चलाते? चलो, सच्चा कर लेते." आणि खरंच दुकान आवरून, लेकीला घेऊन तिघं मुंब्र्याला आले, बदलापूरला नाही, कारण टायरच्या दुकानात काम तिथं मिळालं. गावात स्वतःच्या दुकानात बसणारा माणूस आता दुसऱ्याच्या दुकानात टायर काढतो. माझ्या पत्त्यानं मंठ्यातलं एक नांदतं घर उठवलं.

शाहीनला आता कामाला तोटा नाही. पण ती मुंब्र्याच्या बाजारात कागद घेऊन उभी राहते आणि तशीच परत येते. मला म्हणाली, "पाठी दिसतात गं. पन कुनाच्या हायेत ते कळत न्हाई, मंग काढू काय?" गॅलरीवाले म्हणतात, आधीच्यासारखीच द्या. म्हणून ती मंठ्याच्या बाया आठवून आठवून काढते. कोऱ्या, महागड्या कॅनव्हासवर. मला त्या आता एकसारख्या दिसायला लागल्यात. हे मी तिला सांगितलेलं नाही, तिला ते माझ्याआधी कळलं असणार.

मला कुणी गावाविषयी विचारलं की पूर्वी मी तावातावानं बोलायचे. आता बोलत नाही. इतकी वर्षं माझ्यासाठी मंठा म्हणजे शाहीन तिथं होती हे होतं. मी नसले तरी माझ्या वाटचं ती बघते आहे, असं मी धरून चालले होते. आता तिथं बघणारं कुणी नाही, आणि आम्ही दोघी इथं एकमेकींना गावाच्या गोष्टी सांगतो, त्याही त्याच त्याच.

परवा अप्पांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मंठ्याला गेले होते. बाजाराच्या तोंडाशी करीमा खाला भेटल्या. त्यांनीच मला ओळखलं. शाहीनची चौकशी झाली, तिच्या लेकीची झाली. मग म्हणाल्या, "उसकू बोल, आके मेरा दूसरा चित्र निकाल. मेरी पीठ अब वैसी कां रही, पूरी झुक गई."

मी म्हणाले, "खाला, मी काढते की. मीबी चित्रकारच आहे."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही, कीव आल्यासारखं. "तू? तेरेकू मालूम है क्या मेरी पीठ?"

आणि हसून, बांगड्यांची पेटी काखेला मारून त्या बाजारात शिरल्या. मी बघत राहिले. थोड्या अंतरावर वाकलेल्या चार बायका एकामागं एक चालल्या होत्या. त्यांतल्या खाला कोणत्या, ते मला सांगता आलं नाही.