पहिला गिलास बळीरामचा

"सही माही हाये, तर नळ माहा झाला. तू फक्त पान्हा फिरवणारा!"

मधुकरराव असा ओरडला तेव्हा मी प्रयागबाईंच्या अंगणात गहू निवडत बसले होते. साल एकाहत्तर. माझा दीर बळीराम त्यांच्याकडे नवा नळ बसवायला आला होता. नळ बसवायचं लायसन ठेकेदार मधुकररावाचं, कागदावर सही त्याची, हात बळीरामचे, असं नऊ वर्षं चाललं होतं. पाणी सुरू झालं तशी प्रयागबाईंनी चिंच आणून नळ घासायला घेतला. आम्ही बौद्ध ना, आमचा हात लागला होता. कोरड्या गव्हाला तो चालायचा, पाण्याला नाही. बळीरामनं ते पाहिलं आणि गिलास मागितला. पहिलं पाणी मी पिऊन पाहतो, मग तुम्ही प्या, म्हणाला. तेवढ्यावर मधुकरराव भडकला.

"मालकाच्या घरी पाणी मागते? लाज नाही वाटत तुले?"

"जे पाणी मले प्याले चालत नाही, त्याचा नळ मी काहून बसवू गा?"

पान्हा पिशवीत टाकून बळीराम चालू लागला. मीही सूप ठेवून उठले. अर्धे खडे त्यांच्याच पिठात गेले असतील.

घरी येऊन म्हणाला, "वैनी, आता माह्या नावाचं लायसन काढतो."

चौथी नापास माणूस! पण मी म्हटलं, "काढ नं बापा, कोण अडवते तुले?"

अडवणारा होताच. अर्जाला लायसनवाल्याचं अनुभवाचं पत्र लागत होतं, आणि मधुकरराव म्हणाला, मी याले ओळखत नाही.

मग ज्या ज्या घरी नळ बसवले होते, तिथं तिथं बळीराम फिरला. मला सोबत नेलं, कारण मी चौथी पास, म्हणजे आमच्या घरातली पंडितच. प्रत्येक घरी मी एकच मजकूर लिहायची : "नळ बळीरामनं बसोला. गळत नाही." खाली बाईची सही, नाहीतर अंगठा. तेवीस कागद झाले. प्रयागबाईंनी मात्र दारच उघडलं नाही.

पाण्याच्या ऑफिसातले साहेब कागद पाहून हसले. "हे कसलं सर्टिफिकेट?"

"साहेब, तेवीस घरचे नळ जाऊन पाहा. एक गळत असन तर अर्ज फाडा."

साहेब माणूस चांगला होता. दोन घरं खरंच पाहून आला. मग परीक्षेला बोलावलं, पाइप पुढे टाकला, जोड लाव म्हणाला. बळीरामनं पाइपाला आटे पाडले, गळू नये म्हणून सुतळीला सफेदा लावून गुंडाळली, नळ बसवला. पाणी सोडलं, थोडं वाहू दिलं आणि कोणाला न विचारता ओंजळीनं पिऊन टाकलं.

"हे काय करून राहिला?"

"तपासून राहिलो, साहेब."

महिन्यानं लायसन आलं. बळीराम नत्थूजी गजभिये. मी तीनदा वाचलं, बोट ठेवून.

पुढच्या उन्हाळ्यात प्रयागबाईंचा नळ फुटला. मधुकररावाच्या नव्या माणसानं दोनदा बसवला, दोनदा गळला. शेवटी त्यांनीच निरोप धाडला. बळीराम गेला, पिशवी न उघडता दारात उभा राहिला. "पहिला गिलास माहा. जमत असन तर सांगा, नाहीतर चाललो."

बाई आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. मग पितळेचा गिलास घेऊन आल्या आणि पायरीवर ठेवला.

त्यानंतर नागपुरात त्यानं किती नळ बसवले, कोण मोजतं! घर कोणाचंही असो, पहिला गिलास त्याचा. नाही म्हणणाऱ्याचं काम त्यानं घेतलं नाही.

शहाऐंशीच्या चैत्रात तो गेला. त्या दिवशी सकाळीही कामावर होता, प्रयागबाईंच्याच मोरीत. नंतर त्यांनीच मला सांगितलं. गिलास त्यांनी आधीच काढून ठेवला होता. बळीरामनं वायसर बदलला, पाणी सोडलं, भरून प्याला, तोंड पुसलं.

"ठीक हाये, बाई. प्या आता," म्हणाला, आणि गिलास स्वतः विसळून त्यांच्याच भांड्यांत पालथा घालून निघाला.